बगळे उडाले तेव्हा

“सोमवारी मी धरणगावला चालले, भावाकडे. आता परत यायची नाही.”

चंद्रभागा बोलून गेली आणि वाट बघत राहिली. तिचा नवरा पंडित तिच्यापुढे चार हातांवर, पाण्याकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली नाही.

सकाळी तोच म्हणाला होता, “आज लाईट नाही, कारखान्यात माग बंद. चल, खाडी बघून येऊ.” अठरा वर्षं सुरतेत काढली, पण लिंबायतच्या वस्तीबाहेर दोघं असे कधी पडले नव्हते. स्टेशनवरून त्यांनी भीमपोरची बस धरली. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता आणि ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. शेवटच्या स्टॉपवर उतरून दोघं बाभळीतून चालत आले. वाळूच्या उंचवट्याआड भरतीचं पाणी अडून मोठं तळं झालं होतं. पाणी हलत नव्हतं. काठावर पन्नासेक बगळे उभे होते. इतकी शांतता चंद्रभागेने गावाकडेही ऐकली नव्हती. खोलीवर भिंतीपलीकडे दिवसरात्र मागांचा खडखडाट असायचा, आणि गल्लीत जो तो ओरडूनच बोलायचा.

इथे तळ्याकाठी ओरडावं लागत नव्हतं. म्हणूनच ती हळू बोलली होती. तरी हा दगडासारखा बसून.

चार वर्षं हेच चाललं होतं. समोर बसलं की मान डोलवायचा, हसायचा. पण चुलीशी बसून पाठमोरं काही विचारलं, की उत्तर नाही. माहेरून आईच्या आजारपणाचं पत्र आलं तेव्हा भाकरी थापता थापता तिने विचारलं होतं, “जाऊन येऊ का दोन दिवस?” तो जेवून उठला आणि पाळीवर निघून गेला. आठ दिवसांनी आई गेली. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. ओरडणारा नवरा तिने सोसला असता. आपण घरात नाहीच असं वागणारा माणूस आता तिला सोसवत नव्हता.

“ऐकलं ना?” ती म्हणाली. “आपली वंदनाही लग्न होऊन सासरी गेली. आता माझं इथे कोण आहे?”

तो पाण्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात वाळूच्या उंचवट्यामागे कुणीतरी होडीचं मशीन चालू केलं. बार उडाल्यासारखा आवाज झाला. चंद्रभागा दचकून अर्धी उठली. काठावरचे सगळे बगळे एकदम उडाले.

पंडित हलला नाही. पांढरी रांग डोक्यावरून गेली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि हरखून तिच्याकडे वळला.

“बघ, बघ! उगाचच कसे उडाले!”

मशीन अजून दणदणत होतं.

चंद्रभागा त्याच्याकडे बघतच राहिली. मग सावकाश उठली, वळसा घालून त्याच्यासमोर ओल्या वाळूत बसली. त्याची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. नेहमी तिथेच असायची. तिने मुद्दाम आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, “कधीपासून?”

त्याचं हसू मावळलं. तो बोटांनी वाळू उकरू लागला.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “आधी एक कान गेला, मग दुसरा. मागावर काही अडत नाही. धागा तुटला की हाताला कळतं.”

“आणि मला का नाही सांगितलं?” आता तिचा आवाज फुटला होता, पण तो फक्त तिलाच ऐकू आला.

पंडितने मान खाली घातली.

“भीती वाटली. तुला कळलं असतं, तर तू माझ्याशी बोलणंच सोडलं असतं.”