आपल्या दोघींच्या पोळ्या

"या कालच्या पोळ्या आपल्या दोघींना," म्हणत सासूबाईंनी डबा माझ्यापुढे सरकवला. "गरम त्यांना वाढते."

लग्न झाल्यापासून रोज हेच ऐकत होते. उरायचं सगळ्यांचं, संपवायचं मात्र आम्ही दोघींनी!

आज मी डबा घेऊन ओट्याशी गेले. पोळ्या कुस्करल्या, कांदा-मिरचीची खमंग फोडणी केली, फ्रीजरमधले मूठभर मटार टाकले. वर लिंबू पिळलं आणि वाफाळती फोडणीची पोळी थेट सासऱ्यांच्या ताटात वाढली.

अप्पांनी मिटक्या मारत खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मग विचारलं, "कशाचं केलंस गं हे?"

"कालच्या पोळ्यांचं."

घास हातातच राहिला. "या घरात पुरुष शिळं खात नाहीत! प्रमिला, हिला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं त्यांनी," मीच म्हणाले. "पण जिभेला कुठे कळलं, अप्पा? शिळं लागलं ते कानाला. यापुढे उरलेलं सगळ्यांच्या ताटात येईल."

नवरा मान खाली घालून लोणचं चाटत राहिला. सासूबाई पाठमोऱ्या, तव्यापाशी. आता त्यांच्याकडूनही बोलणी खावी लागणार, हे मी धरूनच चालले होते.

त्यांनी तव्यावरची टम्म फुगलेली पोळी उचलली. गॅस बंद केला. अप्पांच्या ताटावरून पुढे जात खुर्ची ओढली, बसल्या आणि पोळी स्वतःच्या ताटात घेतली.

"अहो, तूप सरकवा इकडे," त्या म्हणाल्या. "गार होतेय माझी."