सोमवारच्या टाळ्या

आमच्या गावात नेटवर्क औषधालाही सापडत नाही. मुलांचे धडे, दवाखान्याचे रिपोर्ट, शहरातल्या लेकरांचे व्हिडिओ, सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून पोस्टमनकाका दर गुरुवारी डोंगर चढून आणतात.

या गुरुवारी पेनड्राइव्हमधून मंत्रीसाहेब निघाले. शाळेच्या कॉम्प्युटरवर हसत म्हणाले, "अभिनंदन. या क्षणापासून तुमचं गाव इंटरनेटने जोडलं गेलंय. आता पोस्टमनच्या फेरीची गरज उरली नाही."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ते अजून घामच पुसत होते. म्हणाले, "बाई, पाकिटात साहेबांच्या ऑफिसची चिठ्ठीपण आहे. तेवढी वाचून टाका."

बाईंनी वाचली.

"गावकरी टाळ्या वाजवतानाचा व्हिडिओ काढून उलट टपाली पाठवा. सोमवारी लाइव्ह दाखवायचा आहे."