फटींच्या पेट्या

बायको माहेरी, काटोलला, तापाने गेल्याची तार आली, त्याच दुपारी तिने पाठवलेल्या संत्र्यांच्या पेट्या कलकत्त्यात शीतगृहात पोचल्या. फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या. मी इथे संत्र्यांचा व्यापार करतो; काटोलहून नेहमी बंद पेट्याच मागवायचो. त्यांत गारवा टिकतो, अशी माझी समजूत. ती म्हणायची, "अहो, गरम भात झाकला की आंबतो. फळंही उन्हातून येतात. त्यांची ऊब निघायला वाट नको?" मी हसायचो. तेरावं उरकून परतलो, तेव्हा आमचा वाद ठाऊक असलेल्या शीतगृहाच्या घोषबाबूंनी तिची एक पेटी आणि त्याच मालातली माझी एक बंद पेटी उघडली. माझ्या पेटीतली मधली संत्री बुरसटली होती, तिची गार आणि टणक होती. "बौदी जिंकल्या," ते म्हणाले; बौदी म्हणजे वहिनी. तिच्या पेटीत चिठ्ठी होती: "मधलं फळ गार निघालं तर कळवा. चिडवणार नाही." आता सगळ्या पेट्या फटींच्याच असतात, तिच्यामुळे माझं घर चालतं. उत्तर मात्र लिहायचं राहिलं आहे.