अव्वाची भाषा

'साकु' म्हणजे पुरे. हे ज्ञानदेवला पहिल्याच दिवशी समजलं, कारण तो शब्द म्हणताना अव्वाने ताटावर हात आडवा धरला होता. बाकीची कन्नड इतकी सोपी गेली नाही.

अव्वा म्हणजे त्याची सासू. धारवाडकडच्या खेड्यातली. मराठी जावई तिला नको होता. लग्नाला तीस वर्षं झाली तरी दोघं एकमेकांशी थेट बोलले नव्हते. त्याची बायको ललिता मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची.

मार्चमध्ये एका दुपारी ललिता कपडे वाळत घालताना कोसळली. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं. अव्वाचं हृदय अधू, म्हणून मेव्हण्याने बजावलं, तिला कळवायचं नाही. ललिता अमेरिकेला मुलाकडे, शुभंकरकडे गेली आहे, सुनेच्या बाळंतपणाला, असं त्याने अव्वाला सांगितलं. जूनमध्ये तो नोकरीसाठी मस्कतला गेला आणि अव्वा ज्ञानदेवच्या कात्रजच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. ती यायच्या आदल्या दिवशी ज्ञानदेवने ललिताचा हार घातलेला फोटो उतरवून कपाटात ठेवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

अप्पा बळवंत चौकातून त्याने मराठीतून कन्नड शिकवणारं पुस्तक आणलं. उभं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेलं, पुस्तकाची सवय नव्हती. सकाळी भाजी निवडताना तो एकेक वाक्य वाचून म्हणायचा. अव्वा देठं मोडत ऐकायची. चुकलं की म्हणायची, "इन्नोम्मे." पुन्हा एकदा.

पुस्तकातली माणसं सारखी स्टेशनचा रस्ता विचारायची. त्यामुळे तोही अव्वाला स्टेशनचा रस्ता विचारत राहिला. शेवटी एकदा तिने काही न बोलता दाराकडे बोट दाखवलं. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकत्र हसले.

पुढे बोलणं वाढलं. पाणी हवं, गोळी घेतली का, पाऊस थांबला. एकदा भाजीत मीठ कमी पडलं. "अळणी झालीये," तो स्वतःशीच पुटपुटला. तसं पुन्हा कधी झालं नाही.

दुपारी ती टीव्हीवर मराठी मालिका लावून बसायची. चित्रं बघत असेल, असं त्याला वाटायचं. सकाळी देवाला फुलं वाहून झाली की एक फूल ती त्या मोकळ्या खिळ्याला अडकवायची. तिकडची काही पद्धत असेल.

दिवाळी जवळ आली. शेजारची नम्रता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीच्या बसला निघता निघता ती दारात थांबली. अव्वा समोरच लसूण सोलत बसली होती.

"काका, अजून सांगितलं नाहीत?"

"नाही."

"अहो, संडेला शुभंकर येतोय. बायको, बाळ, सगळे. आजी विचारणारच ना, ललिता कुठेय म्हणून. काय सांगणार, विमानात विसरून आले?" बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. "सॉरी, काका."

"हळू बोल."

"त्यांना कुठे मराठी कळतंय? हे बघा, माझ्या टीममध्ये एक कन्नड मुलगी आहे. तिला घेऊन येते. ती नीट सांगेल."

"नको. परक्याच्या तोंडून नको. मी सांगेन."

"जमेल तुम्हाला?"

डॉक्टर म्हणाले होते, प्रकृती बरी आहे, पण धक्का बसता कामा नये. आणि कन्नडचं सोडा, मराठीतसुद्धा तो शब्द त्याने अजून उच्चारला नव्हता. नातेवाइकांना शुभंकरनेच फोन केले होते. कुणी विचारलं तर ज्ञानदेव नुसती मान हलवायचा.

अव्वाने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि ती उठून आत गेली.

शुक्रवारी तो मंडईत गेला. तिथली एक फुलवाली गिऱ्हाईक नसलं की शेजारणीशी कन्नड बोलायची. त्याच्या पुस्तकात भाव, गाड्या, पाऊसपाणी सगळं होतं. हे नव्हतं.

"मावशी, माणूस गेलं हे कन्नडमध्ये कसं सांगतात?"

"पाच रुपयांची शेवंती, त्यात शिकवणी पण पाहिजे?" असं म्हणून तिने त्याच्याकडे वर पाहिलं. मग फुलं पुडीत बांधत म्हणाली, "बाई असेल तर सत्तळु. पण असं कुणाच्या तोंडावर म्हणू नका, वाईट लागतं. तीरिकोंडळु म्हणा. कोण गेलं?"

"नुसतं शिकतोय," तो म्हणाला.

परतताना बसमध्ये तो वाक्य जुळवून पुटपुटत राहिला. शेजारचा माणूस उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला.

शनिवारी सकाळी त्याने नम्रताला घरीच थांबायला सांगितलं. अव्वाची जिभेखाली ठेवायची गोळी काढून ठेवली, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अव्वा," तो म्हणाला. "निम्म मगळु..."

तुमची मुलगी. एवढंच म्हणून तो थांबला. काल बसमध्ये पाठ झालेलं वाक्य पुढे सरकेना. अव्वा त्याच्याकडे बघत होती. तिचे हात मांडीवर होते, स्थिर.

"इन्नोम्मे," ती हळूच म्हणाली.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी थांबला नाही.

"निम्म मगळु, ललिता, तीरिकोंडळु."

आणि त्याला रडू फुटलं. मार्चपासून पहिल्यांदाच. लहान मुलासारखा तो हुंदके देत राहिला. अव्वाच्या गोळीचं त्याला भानही राहिलं नाही.

अव्वाने गोळीला हात लावला नाही. तिने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत तशीच बसून राहिली. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "माहीत आहे मला, जावईबापू. आता कपाटातून तिचा फोटो काढा. त्या खिळ्याला लावू."