रिव्हर्सचं चाक

जेवून आल्यावर पाहतो तर गिअर पुन्हा रिव्हर्समध्ये! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साठ वर्षं जुन्या त्या गाडीचा गिअरबॉक्स त्याने तीनदा उघडून नव्याने बांधला होता. दर वेळी न्यूट्रलला ठेवून तो हात धुवायला वळायचा आणि तेवढ्यात कुणीतरी दांडा रिव्हर्सला ओढून ठेवायचं. कुणीतरी म्हणजे मेहुणाच. गॅरेजात तिसरं माणूस होतं कुठे?

“दाजी, शप्पथ, मी हात लावला नाही.”

“मग काय गाडीने स्वतःच टाकला? आता सापडलास, तर या गॅरेजची पायरी चढायची नाही. बहिणीलाही सांगून टाक!”

त्याच तिरमिरीत त्याने गिअरबॉक्स चौथ्यांदा उतरवला, आतलं रिव्हर्सचं दातेरी चाकच काढून घेतलं आणि बाकी सगळं होतं तसं बसवलं. आता टाक म्हणावं रिव्हर्स!

मागची चाकं स्टँडवर अधांतरी होती. इंजिन चालू करून, न्यूट्रलला ठेवून तो खाली उतरला. काढलेलं चाक डाव्या मुठीत आवळून आणि उजव्या हाताने मेहुण्याचं मनगट धरून तो गाडीच्या उघड्या दारासमोर उभा राहिला.

क्लचचं पेडल सावकाश खाली गेलं. दांडा रिव्हर्सला सरकला. पेडल वर आलं, आणि मागची चाकं उलटी फिरू लागली.

“दाजी...” मेहुणा पुटपुटला.

मिस्त्री खेकसणार होता. पण त्याच्या डाव्या मुठीत, तळव्याला एकेक दात टोचत, ते चाक फिरायला लागलं होतं.