कपाळावरची पट्टी

परीक्षेत जादा वेळ मागणारा प्रत्येक जण ढोंगी, याच हिशेबाने घोरमाडे साहेब विद्यापीठाचा दिव्यांग कक्ष चालवत. अर्ज ते कक्षातल्या कारकून मंदाताईंना मोठ्यानं वाचायला लावत. म्हणत, खोटं कानाला लगेच कळतं. आता तर अनुभवपट्टी आली होती. एक विद्यार्थ्याच्या कपाळाला, दुसरी साहेबांच्या, की त्याला दिसतं तसंच यांना दिसे.

जादा वेळेसाठी अर्ज केलेल्या ऋता बोंद्रेसोबत पट्टी बांधून साहेबांनी समोरचा उतारा न्याहाळला आणि ते गालात हसले.

"अक्षरं नाचतात, ओळी सरकतात. अगं, ते तर सगळ्यांचंच होतं! नामंजूर."

"सर, उद्या पेपर आहे माझा. एकदा मंदाताईंना तरी बांधून बघा."

"बांधा हो मंदाताई, हिची हौस फिटू दे."

मंदाताईंनी पट्टी बांधली आणि टेबलच गच्च धरलं. "अगं बाई! मुंग्यांचं वारूळ फुटावं तसं दिसतंय. एक शब्द लागेल तर शपथ!"

"एरवी तुम्हाला असं दिसत नाही?" साहेबांनी हळूच विचारलं.

"छे हो! कुणाला दिसतं असं?"

साहेबांनी उतारा जवळ ओढला, पुन्हा दूर सारला.

"मंजूर लिहा," ते म्हणाले. मग ऋताकडे झुकून, आवाज खाली आणत, "पोरी, तू वाचतेस तरी कशी, ते जरा सांगशील?"