शिवपूरपर्यंत

आवळून झालेला पंप नाना पुन्हा सोडवत होते. शरदिनीनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि हातातली कणीक तशीच परातीत टाकली.

सकाळी सातपासून तिचे सासरे अंगणात गाडीपाशी होते. जुना वॉटर पंप त्यांनी काढला, नवा बसवला, त्यावर पंखा चढवला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं. दहा मिनिटं इंजिन चालवलं. एक थेंब गळला नाही, हे शरदिनीनं स्वतः वाकून पाहिलं होतं. आणि आता दुपारी दोनला, तिचा नवरा रत्नाकर बँकेत असताना, पाणी परत बादलीत काढलेलं होतं, पंखा फरशीवर पडला होता आणि नानांच्या हातात पाना होता.

उद्या पहाटे लखनौला निघायचं होतं. तीन वर्षांच्या इंदूच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका वाढत होता. दिल्लीचे डॉक्टर परवा एकच दिवस लखनौला येणार होते. पुन्हा येणार ते पावसाळा संपल्यावर, आणि तोवर त्या डोळ्याची नजर राहील असं कोणीच सांगत नव्हतं. चौऱ्याहत्तरचा मे. रेल्वेचा संप. बसच्या टपावरसुद्धा माणसं बसलेली. उरली ही जुनी गाडी, आणि ती गेल्या आठवड्यात काशीतल्या काशीत, लंका मोहल्ल्यातून सिगऱ्याला घरी येईपर्यंत दोनदा उकळली होती.

"एवढ्याशा पोरीला या उन्हात इतक्या लांब नेणार?" नाना त्या दिवशी म्हणाले होते. शरदिनी ते विसरली नव्हती. नाना रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, पण बायको गेली आणि त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. नऊ वर्षांत ओलांडली नव्हती. सख्खा भाऊ वाईला वारला तेव्हा इथल्याच पंचगंगा घाटावर स्नान करून आले. नातीचं बारसं नागपूरला झालं, तेव्हा टोपडं पोस्टानं आलं.

ती अंगणात गेली.

"नाना, चांगला चालला होता ना?"

"चालला होता."

"मग उघडलात कशाला?" आणि मग, थांबायचं ठरवूनही, ती म्हणाली, "आम्ही जाऊच नये असं आहे का तुमच्या मनात?"

नानांनी पंपाच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"कागदाचं पॅकिंग आहे. तापलं की दबतं, मग बोल्ट ढिले पडतात. जौनपूरच्या पुढेमागे पाणी ठिबकायला लागेल. तिथं थांबून कोणीतरी आवळायला पाहिजे."

"हे आहेत की."

"त्याचा हात बँकेचा. शिक्का मारावा तसा पाना मारतो. आटे गेले की गाडी खतम." त्यांनी पाना तिच्यापुढे धरला. "पदर खोच."

ती वाकली. चार बोल्ट. तीन दिसत होते, चौथा खाली, पंपाच्या आड.

"तो दिसायचा नाही. बोटांनी शोध. हां. आता थोडा हा, थोडा समोरचा. पोळी लाटताना एकाच बाजूला जोर देतेस का?"

"इतिहास शिकलेय मी, नाना."

"मग लक्षात राहील."

तिनं बसवला. त्यांनी सोडायला लावला. तिनं पुन्हा बसवला, आणि त्यांनी पुन्हा सोडायला लावला. तिसऱ्यांदा ते बाजूला खाटेवर जाऊन डोळे मिटून बसले आणि नुसता पान्याचा आवाज ऐकत राहिले. "खालचा अर्धा फेरा राहिला," तिथूनच म्हणाले. राहिलाच होता.

तिच्या तळहातावर ग्रीस होतं, नखांत कणीक होती. संशय गेला होता, पण त्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. एवढं शिकवण्यापेक्षा चार दिवस गाडीत बसले असते तर? नातीचा डोळा होता. बहुधा चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण नाना हात पुसत घरात निघून गेले.

पहाटे ते आधीच पुढच्या सीटवर बसलेले होते. पायाशी खाकी झोळी, अवजारांची असावी. "शिवपूरपर्यंत येतो," म्हणाले, "आवाज ऐकतो." शिवपूर म्हणजे काशीच्या पंचक्रोशी प्रदक्षिणेच्या वाटेवरचा मुक्काम. तिथं त्यांची हद्द संपत होती. तिथून रिक्षा करून परत जातील, असं शरदिनीनं धरलं. मांडीवर इंदू झोपली होती.

शिवपूरला धर्मशाळेसमोर गाडी थांबली. नानांनी बॉनेट उघडलं आणि स्वतः हात न लावता उभे राहिले. शरदिनीनं चारही बोल्ट चाचपले. खालचा किंचित ढिला होता. तिनं तो आवळला.

"बस," नाना म्हणाले. पाना फडक्यात गुंडाळून त्यांनी तिच्या हातात दिला. खिडकीतून हात घालून झोपलेल्या इंदूच्या डोक्यावरून एकदा फिरवला.

"बाबा, रिक्षा बघू?" रत्नाकरनं विचारलं.

तेवढ्यात धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार बाहेर आला. त्यानं गाडीतली झोळी उचलली. तिच्यातून स्टोव्ह आणि धोतराची घडी डोकावत होती.

"पंडितजी, कोठरी धुलवा दी है. चार दिन की ना?"

शरदिनी पाना घेऊन तशीच पुढे आली.

"चार दिवस इथं? घर आहे ना, नाना."

नाना लखनौच्या रस्त्याकडे तोंड करून धर्मशाळेच्या पायरीवर बसले.

"घर तीन मैल मागं पडतं," ते म्हणाले.